राखाडी टॅबलेटची पक्की खबर

त्याला ऑफिसात सगळे ज्योतिषी म्हणत. पत्रिका-बित्रिका काही नाही हो, माणूस साधा वेबसाइटवर लिहिणारा. पण बाजारात न आलेल्या वस्तूंबद्दल तो असं काही छातीठोकपणे लिहायचा, की वाचणाऱ्याला वाटावं, हा कारखान्यातून आत्ताच डबा खाऊन बाहेर पडलाय. खरं तर कारखाना त्याने फोटोतसुद्धा धड पाहिलेला नव्हता. त्याची खुर्ची होती लिफ्टशेजारच्या खोलीत, पाण्याच्या मशीनला पाठ लावून, आणि जगातल्या सगळ्या आगामी टॅबलेटांचं भवितव्य तिथूनच ठरायचं.

वेबसाइटवर सर्वांत जास्त वाचलं जाणारं सदर होतं 'लवकरच'. आलेल्या वस्तूला कोण विचारतो? ती घेतली की तिची बिजागरी करकरते, बॅटरी दुपारीच मान टाकते, तक्रारी सुरू होतात. न आलेल्या वस्तूचं कसं, तिला दोषच नसतो. म्हणून ज्योतिषाने रोज चार बातम्या द्यायच्या आणि त्यातली एक तरी 'लवकरच'मध्ये गेली पाहिजे, हा संपादकबाईंचा दंडक. दुसरा दंडक त्यांनी भिंतीवर छापूनच लावला होता: बातमी तीन ठिकाणी आली असेल तर पक्की समजावी. ती तीन ठिकाणं कुठली, त्यांना कुणी सांगितलं, हे विचारायचा रिवाज नव्हता.

एका गुरुवारी चौथी बातमी काही केल्या मिळेना. घड्याळात पाच वाजायला आलेले. बाई दोनदा येऊन बघून गेल्या. मग ज्योतिषाने ठोकून दिलं. ओर्वा कंपनी पुढच्या महिन्यातल्या आपल्या कार्यक्रमात नवा टॅबलेट आणणार, सोबत कीबोर्ड, किंमत साध्या लॅपटॉपच्या निम्मी. रंग राखाडी, कारण त्या दिवशी त्याच्या अंगात राखाडी शर्ट होता. शेवटी दोन ओळी कमी पडत होत्या, तेव्हा त्याने जोडून दिलं की लॅपटॉपवर चालणारं सगळं काही यावर चालेल. मथळा केला, 'स्वस्त लॅपटॉपची सद्दी संपणार?' ते प्रश्नचिन्ह म्हणजे या धंद्यातलं चिलखत. उद्या कुणी गळा धरला तर म्हणता येतं, अहो, आम्ही फक्त विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती बातमी एका परक्या साइटवर दिसली. संध्याकाळी आणखी एका. तिसऱ्याने तर कमालच केली, टॅबलेटचं चित्रच काढून छापलं. कोपरे गोल, कीबोर्ड मऊ, रंग राखाडी, आणि खाली लिहिलेलं, 'रंगावर शिक्कामोर्तब'. ज्योतिषी ते चित्र बघतच राहिला. इतकी देखणी वस्तू आपल्या डोक्यातून निघाली यावर त्याचा विश्वास बसेना, आणि मग, काय सांगायचं, तो हळूहळू दुसऱ्याच गोष्टीवर विश्वास ठेवायला लागला. एवढे लोक म्हणतायत म्हणजे काहीतरी असेलच की! कदाचित आपल्याला उपजतच कळलं असेल!

"तीन झाले," बाई म्हणाल्या. "आता प्रश्नचिन्ह काढा, 'निश्चित' लिहा."

हीच वेळ होती तोंड उघडायची. पण बातमी पहिल्या क्रमांकावर गेली होती, आणि बाईंनी त्याला पाण्याच्या मशीनपासून उठवून खिडकीजवळची खुर्ची दिली होती. खिडकीतून वारा येत होता. ज्योतिषाने 'निश्चित' लिहिलं.

आता त्याची ताई. ताई एका दवाखान्यात फोन घ्यायचं काम करायची. तो दवाखाना बंद पडला आणि ती पाच महिने घरी बसली. वय पंचेचाळीस, ठिकठिकाणी अर्ज करून करून कंटाळलेली. आणि त्या बातमीला तीनेक आठवडे होतायत एवढ्यात तिला एक काम चालून आलं. एका मोठ्या इस्पितळातले डॉक्टर आपले अहवाल बोलून ठेवतात, ते ऐकून घरबसल्या टाइप करायचे. टायपिंगमध्ये ताई वाघीण. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा, आणि शुक्रवारी अकरा वाजता त्यावर त्यांचा प्रोग्रॅम चालवून चाचणी द्यायची. चाचणीला हजर नाही, तर काम यादीतल्या पुढच्या बाईला. ताईने स्वयंपाकघरातलं टेबल ओढून प्लगपाशी नेलं, वर स्वच्छ कापड घातलं आणि शनिवारी लॅपटॉप आणायला गेली.

दुकानातून तिने भावाला फोन लावला. "अरे, इथे स्वस्तातला शेवटचा एक उरलाय. घेऊ का? दुकानदार म्हणतो, तुमच्या भावाची बातमी वाचून आम्ही नवा माल मागवायचाच बंद केलाय. मंगळवारी ओर्वाच्या कार्यक्रमात तो राखाडी टॅबलेट येतोय ना? त्यावर माझा प्रोग्रॅम चालेल ना? तू लिहिलंयस, सगळं चालेल म्हणून."

घेऊन टाक ताई, हे शब्द ज्योतिषाच्या अगदी ओठांवर आले होते. पण बाई त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहून स्क्रीनवर वाचकांचा आकडा बघत होत्या, शेजारच्या दोघांचे कान इकडेच. शिवाय ते चित्र. शिवाय तीन ठिकाणं.

"थांबायला हरकत नाही," तो घसा साफ करत म्हणाला.

"नक्की ना रे? माझं सगळं त्याच्यावर आहे."

"नक्की."

ताईने लॅपटॉप परत काउंटरवर ठेवला. तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने तो लगेच उचलला.

मंगळवारी ओर्वाचा कार्यक्रम थेट दाखवणार होते. ऑफिसात सगळे एका स्क्रीनभोवती जमले. कंपनीच्या साहेबाने आधी फोनचा एक नवा रंग दाखवला. मग कानात घालायची यंत्रं. मग आपली कंपनी माणुसकीवर किती प्रेम करते, यावर पाऊण तास. आणि आमचा शहाणा खुर्चीच्या कडेवर बसलेला, हाताच्या मुठी वळून! स्वतः गेल्या महिन्यात एका गुरुवारी पाच वाजता रचलेली थाप कुणीतरी या मंगळवारपर्यंत बनवून मंचावर आणेल, याची वाट बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? साहेबाने हात हलवून निरोप घेतला, स्क्रीन काळी झाली, तरी हा म्हणतो, "थांबा, शेवटी काहीतरी असतं."

काही नव्हतं.

बाई जराही डगमगल्या नाहीत. "पुढे ढकललं म्हणून लिहा," त्या म्हणाल्या. "कारणं पाच द्या."

त्याने पाच कारणं दिली. ती बातमी पहिल्यापेक्षा जास्त वाचली गेली.

बुधवारी आणि गुरुवारी ताईने सात दुकानं पालथी घातली. स्वस्त लॅपटॉप एकाकडेही नव्हता. सगळ्यांनी त्या राखाडी टॅबलेटच्या धसक्याने माल मागवणं थांबवलेलं. नवा यायला तीन आठवडे. जे होते ते तिच्या ऐपतीबाहेरचे. ज्योतिषाने लाजेकाजेस्तव आपला टॅबलेट नेऊन दिला, पण त्यावर इस्पितळाचा प्रोग्रॅम उघडेचना. ऑफिसचा लॅपटॉप द्यायला बाई तयार नव्हत्या, आणि इस्पितळाला उसना चालत नव्हता. शुक्रवारी अकरा वाजले. सव्वाअकराला काम यादीतल्या पुढच्या बाईला गेलं.

शनिवारी तो ताईकडे गेला. आता आपली बिनपाण्याने होणार, अशी त्याची तयारी होती. पण ताईने चहा टाकला, त्याला बसवलं, आणि उलट त्याचीच समजूत काढायला लागली.

"तू नको वाईट वाटून घेऊस. तुझा काय दोष? तुला कुणीतरी खोटी खबर दिली. लहानपणापासून तू असाच, कुणीही काही सांगावं आणि तू मान डोलवावी. पण तो माणूस कोण ते मला सांग. चांगली खरडपट्टी काढते त्याची. माझ्या तोंडचा घास गेलाय."

आता एखादं नाव ठोकून देणं ज्योतिषाला काही अवघड नव्हतं. एक नाव तर सुचलंसुद्धा. पण ताईने त्याच्या बशीत दोन बिस्किटं ठेवली, आणि ते नाव त्याच्या घशातच राहिलं.

"असा कुणी माणूस नाही, ताई," तो म्हणाला. "ते सगळं मीच रचलं होतं."

"सगळं?"

"सगळं."

"तो राखाडी रंगसुद्धा?"

"हो."

ताईला क्षणभर हसू फुटेल असं वाटलं, पण फुटलं नाही. तिने गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र अगदी शांत होता.

"लोकांना थापा मारल्यास, ते तुझं तू बघ. मला त्याचं एवढं काही नाही. पण शनिवारी मी दुकानातून फोन केला, तेव्हा तुला माहीत होतं. तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

त्याने खूप विचार केला. बरीच उत्तरं मनात आली आणि त्यातल्या त्यात जे खरं होतं तेच त्याने दिलं.

"माझ्या मागे बाई उभ्या होत्या, ताई."

"आणि मी रे?" ताई म्हणाली. "मी कुठे उभी होते?"