रविवारची फॅट

शिरूरच्या दूध संघात त्या साली नवा संगणक आला आणि अध्यक्ष बापूसाहेबांच्या संशयाला नवे डोळे फुटले. राहू गावच्या दुधाला फॅट लागत नव्हती. तिथलं संकलन केंद्र चालवणारे रखमाजी आबा टोपी मांडीवर ठेवून बाकावर बसले होते. पाणी घातल्याचं ठरलं, तर केंद्र त्यांच्या हातून जाणार होतं.

"राजश्री, वार लावून बघ," बापूसाहेब म्हणाले.

राजश्री संगणक सांभाळायची. संघाचं सगळं दूध तिच्या लेखी एक मोठी पेटी होती. एका अंगाला गावं, दुसऱ्या अंगाला वार, तिसऱ्याला महिने. एमडीएक्स नावाच्या भाषेत चार ओळी लिहिल्या, की पेटी हवी तशी कापून समोर यायची. तिनं राहू धरलं, वार आडवे मांडले, महिने उभे.

दर महिन्याला रविवारीच फॅट घसरलेली!

बापूसाहेब आबांकडे वळले. "तपासनीस रविवारी सुट्टीवर. आन् तवाच फॅट पडती. व्हय ना, आबा?"

"देवाशपथ, पाण्याचा थेंब न्हाई, सायेब."

आबा नजर चुकवत होते. राजश्रीलाही ते खरं वाटेना. पण पाणी घातलं, तर दूध वाढायला हवं. तिनं फॅटच्या जागी लिटर मागितले. रविवारी दूधही कमी! मग तिनं गाय आणि म्हैस वेगळी केली. रविवारी म्हशीचा रकाना कोरा; उरलेल्या गाईच्या दुधाला फॅट कमीच.

"म्हंजी म्हशीचं दूध दुसऱ्या डेअरीला!" बापूसाहेब गरजले.

"कुठली डेअरी? आयतवार खंडोबाचा. आमी धनगरं त्या दिशी म्हशीचं दूध इकत न्हाई. घरात खीर व्हती. तुमी हसाल म्हनून बोललो न्हाई."

"आन् गाईचं चालतं?"

"जर्सी परवा आली, सायेब. तिची आन् देवाची अजून वळख न्हाई."

राजश्रीला हसू आवरेना. बापूसाहेब मात्र हसले नाहीत. पुढच्या रविवारी न कळवता ते राहूला गेले. पहिल्या घरी खीर, दुसऱ्या घरी खीर, तिसऱ्या घरी नको म्हटलं तर म्हातारी रुसली.

सोमवारी पोटावर हात ठेवून ते राजश्रीच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"आबांचं केंद्र आबांकडंच राहू दे," ते म्हणाले. आणि आवाज खाली आणून, "आता जरा पाबळ गावची फॅट लाव."