शाफ्टवरची दोन टिंबं

साठ

"आला बघा," अंडेवाला म्हणाला.

वेगाचा काटा साठच्या वर गेला तशी पिकअप थरथरायला लागली. आधी पायाखालचा पत्रा, मग सीट, मग आरसा. मध्ये बसलेल्या मिस्त्रीचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. खिडकीशी त्याची वहिनी. भाऊ गेल्यापासून गॅरेज तीच चालवत होती.

"काल नुसती टकटक होती," अंडेवाला म्हणाला. "तुम्ही टकटक काढलीत आणि भूकंप बसवलात. मागे अंडी असतात माझ्या, दगड नाही."

"भावजी," वहिनी समोर बघत म्हणाली, "गेल्या महिन्यात काय ठरलं होतं आपलं?"

ठरलं होतं ते असं: आणखी एक गाडी तक्रार घेऊन परत आली, की मिस्त्रीनं पुन्हा पान्याला हात लावायचा नाही.

"वळव गाडी," मिस्त्री म्हणाला.

चाळीस

चाळीसला थरथर नव्हती. त्यामुळे बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"दिसतं ना नीट तुम्हाला?" अंडेवाल्यानं विचारलं.

"तुझ्या तोंडावरचं सगळं दिसतंय."

"गिऱ्हाईक आहे ते, भावजी."

"मग गिऱ्हाइकासारखं बोलायला सांगा."

"हे असते तर..."

"दादा असता तर तुम्ही घरी असता, वहिनी."



शून्य

गॅरेजमध्ये मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. डोक्यावर शाफ्ट: इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी दांडा. टोकाच्या सांध्यातला झिजलेला क्रॉस बदलताना काल त्यानं तो मधल्या जोडातून काढून दोन तुकडे केले होते. काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पंचानं एकेक टिंब ठोकायचं, बसवताना टिंबासमोर टिंब आणायचं, ही रीत. काल त्यानं टिंबं ठोकली नाहीत. ती होतीच. बारा वर्षांपूर्वी याच गाडीखाली त्यानंच ठोकली होती, दादानं वरून बॅटरी धरली होती. आपली टिंबं भेटली म्हणून काल तो मनातून सुखावलाही होता.

आता त्यानं रॉकेलच्या फडक्यानं दोन्ही पुसली. मागच्या तुकड्यावरचं खोल, गोल. त्याचं. पुढच्यावरचं उथळ आणि जरा लांबट. भलत्याच कुणाच्या हातचं.

"पुढचा तुकडा कधी बदललास?"

"परसाल. भंगारातला टाकला," अंडेवाला वरून म्हणाला.

"सांगितलं नाहीस."

"विचारलंत?"

अंडेवाल्याचा फोन वाजला. तो बोलत फाटकाकडे गेला. वहिनी खड्ड्याशी वाकली.

"दुसरीकडचा तुकडा त्यानं लपवला, असं सांगते मी. तुम्ही तेवढं गप्प राहा. तुमच्यासाठी नाही करत. गॅरेजचं नाव जातंय."

"आणि ठरलेलं?"

"गाडी परत आलीच नाही असं धरू."

मिस्त्रीनं वर पाहिलं. जोडाच्या अलीकडचं दुबेळकं, क्रॉस धरणारा दोन बोटांचा चिमटा, आडवं; पलीकडचं उभं. दोन्ही एका रेषेत हवीत, नाहीतर वेगात शाफ्ट थरथरतो. टिंबं नसती तरी ओळखता आलं असतं. टिंबं होती म्हणूनच त्यानं तिकडे पाहिलं नव्हतं.

तो शिडी चढून वर आला. अंडेवाला परतला होता.

"तुकडा कुठलाही असू दे. दुबेळकी डोळ्यांनी बघायची असतात, मी टिंब बघितलं. चूक माझी."

"झालं," वहिनी म्हणाली.

"आता बसवणार कोण?" अंडेवाल्यानं विचारलं. तिला.

"मी," मिस्त्री म्हणाला.

"एवढी करा," ती म्हणाली आणि आत गेली.

साठ

साठ. पासष्ट. आरशात मागचा रस्ता सरळ दिसत होता, एक रेघ हलत नव्हती. सत्तर.

अंडेवाला मिस्त्रीच्या डोक्यावरून वहिनीशी बोलला. "आता आहे बरी."

"पुढच्या वेळी नवा मिस्त्री असेल," ती म्हणाली. "काही दुखलं तर सरळ आणा."

"मला इथंच उतरव," मिस्त्री म्हणाला.

त्याला उतरायचं तर वहिनीला आधी उतरावं लागलं. ती दार धरून उभी राहिली.

"हत्यारं?"

"निम्मी दादाची आहेत. कुठली कुणाची, ते आता मलाही सांगता येणार नाही."

ती पुन्हा चढली. दार एकदा नीट लागलं नाही, दुसऱ्यांदा लागलं.

दुपारचे बारा वाजले होते. मिस्त्री रस्त्याच्या कडेला, कान गाडीकडे लावून, मान किंचित कलती करून उभा राहिला. पहिला गिअर. दुसरा. तिसरा. चौथा पडला, आणि त्यानंतर नुसता टायरांचा आवाज. तोही संपेपर्यंत तो हलला नाही.