अर्धा कोयता

बर्फाशी करिष्माची ओळख मांजरसुंब्याच्या फाट्यावरच्या रसवंतीपुरतीच होती. पोत्याखाली झाकलेली लादी आणि ती फोडणारा माणूस, एवढंच. त्यावर कुणी धावत असेल, धक्के खात असेल आणि देशासाठी खेळत असेल, हे बंकट सरांनी मोबाइलवर दाखवलं तेव्हा तिची माय बायनाबाई म्हणाली होती, "येवढा बर्फ वितळून जात न्हाई का बे माय?"

बंकट सर हे हंगामी वसतिगृहाचे खेळाचे मास्तर. मायबाप ऊस तोडायला गेले की मागं राहिलेली पोरं त्यांच्या गळ्यात. पुण्याच्या एका क्लबनं टाकून दिलेले चाकाचे बूट त्यांनी पोतं भरून आणले आणि बाजार समितीच्या लिलावाच्या ओट्यावर, कांदा उठला की, पोरींना हॉकी शिकवायला लागले. साल संपता संपता बाकीच्या पोरी पांगल्या. करिष्मा आणि तिची चुलत बहीण मोहिनी, दोघीच चिवटपणे टिकल्या.

दोघी बचावाला खेळत. आणि खेळत त्या ऊस तोडल्यासारख्या, कारण दुसरं काही त्यांनी पाहिलंच नव्हतं. उसाच्या फडात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. एकानं तोडत पुढं जायचं, दुसऱ्यानं मागं राहून मोळ्या बांधायच्या, मध्ये जागा मोकळी पडू द्यायची नाही. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम नाक मुरडतो. या दोघींचा नियमही तोच. एक काठीनं चकती ढकलत पुढं गेली की दुसरी न बघता तिच्या मागची जागा धरायची. बंकट सरांनी त्यांचा खेळ मोबाइलवर टिपून कुठं कुठं पाठवला, आणि एक दिवस देशाच्या महिला आइस हॉकी संघाच्या प्रशिक्षिका खुद्द बीडला आल्या. बाई फिनलंडच्या. तिकडच्या राष्ट्रीय संघातून खेळलेल्या, उंच, आणि ऊन लागून टोमॅटोसारख्या लाल झालेल्या. बर्फ नसलेल्या भागांतून पोरी शोधत त्या फिरत होत्या. इथून बचावाची एकच पोर घेणार, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. जिला निवडतील ती दिवाळी झाली की देहरादूनला बर्फावरच्या शिबिराला, आणि तिथं टिकली तर संघात.

दिवाळी झाली की ऊसतोडीचा ट्रकही निघतो. करिष्माच्या बापाची, अजिनाथची, कंबर गेल्या हंगामात कायमची धरली होती. औंदा मायच्या मागं मोळ्या बांधायला करिष्मा, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण ठरलेलंच होतं. करिष्माला बर्फ हवा होता. इतका हवा होता की मायकडं सरळ बघायची तिला चोरी झाली होती.

निवडीच्या दिवशी बायनाबाईही ओट्याच्या कडेला येऊन बसली होती. सकाळचा डाव झकास झाला. दोघी एकत्र होत्या आणि औरंगाबाद, लातूरकडच्या पोरींना त्यांनी जवळ फिरकू दिलं नाही. जेवणानंतर मात्र फिनलंडच्या बाईंनी बनियनं वाटली. करिष्माला पिवळं, मोहिनीला लाल. करिष्माच्या जोडीला पुण्याहून आलेली दिपाली दिली. ही दिपाली बाईंचं इंग्रजी मराठीत सांगायलाही होती.

"सर, आमी दोघी संग खेळतो," करिष्मा बंकट सरांना म्हणाली.

"आता न्हाई खेळायचं संग. त्यांना येकच पाहिजे."

डाव सुरू झाला आणि करिष्मानं जन्मात विसरणार नाही अशी चूक केली. मोहिनी चकती घेऊन कडेनं सुसाट पुढं आली. मोहिनी पुढं जाताना दिसली की मागं जायचं, हे करिष्माच्या पायांना इतकं पाठ होतं की त्यांनी डोक्याला विचारलंच नाही. ती मोहिनीला वाट देऊन इमानदारीत तिच्या मागं जाऊन उभी राहिली, जणू मोळ्याच बांधायच्या होत्या. मोहिनीपुढं मोकळं मैदान. चकती जाळीत. बघायला जमलेली माणसं पोट धरून हसली. बंकट सरांनी कपाळावर हात मारून घेतला. फिनलंडच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी दिपालीला काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतात, तू तिला का सोडलंस?"

करिष्माला काय सांगावं ते कळेना. फिनलंडात ऊस होतो की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं.

पाणी प्यायच्या सुट्टीत ती कठड्याला टेकून बसली. संपलं, तिला वाटलं. एकटी उभं राहणं आपल्याला जमायचं नाही. आपण अर्ध्याच. मोहिनी तरातरा आली आणि समोर उकिडवी बसली.

"कावून सोडलंस गं मला?"

"सोडलं न्हाई. पाय गेले मागं."

"पायाला सांग, मी आता तुझ्याकडची न्हाई. हसले समदे, म्हणले ठरवून गोल दिला. मला तसला गोल नगं. तू आडवल्यावर जो होईल तो पाहिजे."

"आडवलं तर तुझं जाईल."

"अन् न्हाई आडवलं तर दोघींचं जाईल. उठ."

करिष्मा उठली. तिला मोहिनीचा राग आला होता, आणि तो रागच कामी आला. पुन्हा डाव सुरू झाला. मोहिनी परत त्याच कडेनं आली, तशीच सुसाट. करिष्माचे पाय परत मागं निघाले. तिनं ते ओढून धरले, अंग वाकवलं आणि आडवी गेली. काठीला काठी लागली, चकती सुटली, ती करिष्मानं दिपालीकडं ढकलली. मोहिनी पुन्हा आली. उजवीकडं बघून डावीकडं जायची तिची खोड करिष्माइतकी जगात कुणाला माहीत नव्हती. पुन्हा आडवली. नंतर एकदा तर दोघी कठड्यावर अशा आदळल्या की बायनाबाई जागेवरून उठून उभी राहिली. शेवटपर्यंत मोहिनीला एक गोल करता आला नाही. तिनं कसर ठेवली नव्हती. करिष्मानंही नाही. दर वेळी चकती काढून घेताना ती मोहिनीच्या तोंडाकडं बघायचं टाळत होती, आणि दर वेळी ती काढून घेत होती.

बाईंनी फार वेळ घेतला नाही. करिष्माच्या खांद्यावर हात ठेवून त्या बोलल्या. दिपालीनं सांगितलं, "म्हणतात, पहिली चूक सगळ्यांनी पाहिली. पण आपल्या माणसाला अडवणं सगळ्यात अवघड, ते तू केलंस. शिबिराला ये."

बंकट सरांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितलं. करिष्मानं मात्र आधी मायकडं बघितलं. बायनाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत उभी होती.

"तू जा," माय म्हणाली. "मी बोलते मुकादमाशी. अर्धा कोयता तर अर्धा. घेईल न्हाई तर न्हाई."

मुकादम घेणार नाही, हे तिघींनाही ठाऊक होतं. मोहिनी बूट काढत बसली होती. एक बूट निघाला, दुसऱ्याची गाठ सुटेना. तिचे डोळे लाल होते आणि ती ते लपवत नव्हती. गाठीशी झटत, मान खालीच ठेवून ती म्हणाली,

"काकी, औंदा तुमच्या मागं मी येते."

"तू?" बायनाबाई म्हणाली. "तुझ्या बापानं औंदा तोड सोडून शेरडं धरली, ती कोण राखील?"

"धाकटा भाऊ हाय की. मी सांगते बापाला."

"नगं," करिष्मा म्हणाली. ती खाली बसली आणि मोहिनीच्या बुटाची गाठ सोडायला लागली. रडत होती, त्यामुळं गाठ अजूनच बसली. "तू कावून जायचं? जागा माझी हाय तिथं."

"तू पुढं गेलीस ना," मोहिनी म्हणाली. "मग मागची जागा कुणाची?"

नियम दोघींचा होता.

गाठ शेवटी सुटली. मोहिनीनं बूट बंकट सरांच्या पोत्याकडं सरकवले. करिष्मानं ते परत ओढून घेतले, चाकांवरची धूळ ओढणीनं पुसली आणि मायच्या पिशवीत कोंबले.

"फडात चाकं कुठं फिरतील येडे?" मोहिनी म्हणाली.

"कारखान्यावर वजनकाट्याजवळ सिमेंट असतं. मी बघितलंय लहानपणी. गाड्या नसल्या की तिथं खेळायचं. मला तिथं जे शिकवतील ते मी रोज फोनवर सांगणार, अन् तू ते रोज करायचं. पुढल्या निवडीला मला लाल बनियनवाली नगं समोर. माझ्या मागं पाहिजे."

बायनाबाईनं पिशवी उचलून वजन पाहिलं, बूट बाहेर काढले आणि नीट जोडी लावून परत ठेवले.

"कोयत्याला धार लावून घ्यायची हाय," ती मोहिनीला म्हणाली. "चल."