प्रवेशापुरता खर्ज

दातांच्या डॉक्टरला तोंड उघडायला सांगायची वेळ पेटीबाईंवर आली होती.

"डॉक्टर, उघडा की जरा," पायपेटीवरून मान वळवून त्या म्हणाल्या. "ओठ हलतायत, पण बाहेर काही येत नाहीये."

"मी मनात म्हणतोय," डॉक्टर म्हणाला.

"मनातलं देवाला ऐकू येतं हो, मला नाही येत. आणि फादर विचारणार आहेत मला."

त्यासरशी डॉक्टरने असा आ वासला, की शेजारी उभी असलेली बँकवाली दचकून बाजूला सरकली. आवाज मात्र तरीही आला नाही. पेटीबाईंनी सुस्कारा सोडला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

दर गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याची तालीम असे, आणि सध्या प्रवेशाचा हंगाम होता. एरवी तालमीला फक्त दोन जणी यायच्या, सख्ख्या जावा. त्यांचं एकमेकींशी बोलणं फार पूर्वी कशावरून तरी बंद झालं होतं आणि आता ते कशावरून, हे दोघींनाही आठवत नव्हतं. पण गाण्याचं पुस्तक दोघींत एकच, त्यामुळे खांद्याला खांदा लावून उभं राहणं भाग होतं. पान उलटायचं झालं की थोरली पेटीबाईंना म्हणे, "बाई, हिला सांगा, बोट काढ." मग पेटीबाई धाकटीला सांगत. धाकटी बोट काढी.

चर्चच्या आवारातच प्राथमिक शाळा होती. या शाळेतून निघालेलं पोर वाया जात नाही, अशी तिची ख्याती होती. खरं तर एक माजी विद्यार्थी तुरुंगात होता, पण तोही तिथे फार शिस्तीने राहतो असं लोक कौतुकाने सांगत. जागा मूठभर आणि अर्ज ढीगभर. ज्यांचं थोरलं भावंड शाळेत आहे त्यांचा नंबर आधी, आणि उरलेल्या जागा चर्चला नियमित येणाऱ्यांच्या मुलांना, असा नियम होता. त्यामुळे पोराला चौथं वर्ष लागलं की आईबापांना अचानक देव आठवायचा. आणि प्रवेशाची यादी शाळेच्या दारावर लागली, की त्याच आठवड्यात विसरायचा.

आता नियमित कोण येतं, हे ठरवायचं फादरनी. फादर देवमाणूस होते, पण त्यांना जवळचं दिसत नसे. सगळा पाठ तोंडपाठ असल्यामुळे उपासनेच्या वेळी ते चष्मा लावत नसत. त्यामुळे शेवटच्या बाकावर जांभया देणारे त्यांना स्वच्छ दिसत आणि समोर बसलेले सगळे धुक्यात. ही गोष्ट पेटीबाई सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. आईबाप पहिल्या बाकासाठी भल्या सकाळी येऊन रुमाल टाकत, कोपरं मारत, एकमेकांच्या पर्सवर बसत. आणि प्रवेशाच्या बैठकीत त्यांचा विषय निघाला, की फादर प्रामाणिकपणे म्हणत, "हे कोण? मी तर यांना कधी पाहिलं नाही." उशिरा येऊन मागे टेकणारे मात्र आरामात तरून जात.

गाणाऱ्यांची जागा तर वेदीच्या अगदी कडेला, म्हणजे फादरच्या नाकासमोर. त्यांच्याबाबतीत पेटीबाईंचा शब्द अखेरचा. म्हणून हंगामात पेटीबाईंच्या गळ्याला बरं नाही असं नुसतं कळलं, तरी आल्याचा रस घेऊन तीन घरांतून माणसं यायची.

पेटीबाईंना या सगळ्याचा राग यायचा का? नाही. त्यांना लोभ होता. आयुष्यभर टेलिफोनच्या ऑफिसात कानाला यंत्र लावून त्यांनी लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले होते. लग्न राहून गेलं, वडिलांच्या मागे पायपेटी मात्र त्यांच्याकडे आली. लहानपणी वडिलांचं बोट धरून त्या एका मोठ्या चर्चमध्ये गेल्या होत्या. तिथे चार जणांनी चार पदरांचं गीत म्हटलं. वरचे दोन पदर बायकांचे, तिसरा मधला, आणि तळाशी खर्ज. तो खर्ज लागला तेव्हा तो त्यांना कानांनी नाही, तळपायांनी कळला होता. ते गीत एकदा आपल्या पेटीवर ऐकावं आणि मग खुशाल डोळे मिटावेत, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

पण खर्ज मिळत नव्हता. हंगामात पुरुष यायचे, त्यांचे आवाज मात्र सगळे मधल्या मजल्यावरचे. औषधांचा दुकानदार दोन सूर खाली उतरायचा आणि तिसऱ्याला खोकायचा. एका वर्षी एक जण बरा सापडला होता, तर ऐन तालमीत यादी लागल्याचा निरोप आला आणि अर्धी ओळ तोंडात तशीच ठेवून तो जो गेला, तो गेलाच.

त्या गुरुवारी डॉक्टरवर मेहनत चालू असताना दार करकरलं. खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि गुडघ्यापर्यंत भिजलेली विजार, असा एक आडवातिडवा माणूस आत आला. तो नळ दुरुस्त करणारा होता.

"नळ इथला नाही बिघडलेला," पेटीबाई म्हणाल्या. "शाळेचा असेल."

"नळाला नाही आलो. गायला आलो."

"गाता येतं?"

"नाही."

"मग?"

"बायको म्हणाली, बाकावर बसून उपयोग नाही, गाण्यात शीर. पोरीच्या शाळेचं आहे."

असं तोंडावर कुणी कधी सांगितलं नव्हतं. बाकीचे सगळे आत्म्याची तहान वगैरे म्हणायचे. पेटीबाईंना हसू आलं. त्यांनी पेटीवरचा एक सूर दाबला आणि म्हणाल्या, "आ करा."

नळवाल्याने आ केला. तो सूर त्याला उंच पडला असावा, कारण घसा खाकरून तो खाली उतरला, आणखी खाली उतरला, आणि तळाला जाऊन थांबला. बाकावर ठेवलेलं चष्म्याचं घर आपोआप सरकायला लागलं. धाकटी जाऊ पुस्तक सोडून बघत राहिली. पेटीबाईंच्या तळपायांना कळायचं ते कळलं, आणि त्यांना रडू येतंय की काय असं वाटून त्यांनी घाईघाईने पान शोधायचं सोंग केलं.

"बरोबर आलं का?" नळवाल्याने विचारलं.

"रविवारी या," त्या कशाबशा म्हणाल्या. "आणि गुरुवारी. दर गुरुवारी या."

तो येत राहिला. कधी कुणाकडे पाइप फुटला तर एखादा रविवार बुडायचा, पण पुढच्या गुरुवारी तो आधी येऊन उभा असायचा. ताल त्याला समजायचा नाही, शब्द तो चुकवायचा, पण तळ सोडायचा नाही. पेटीबाईंनी चार पदरांच्या गीताचं पहिलं कडवं काढलं. ते आणखी दोन-तीन महिन्यांत बसलं असतं, पण प्रवेशाची बैठक पुढ्यात येऊन ठेपली होती.

बैठकीच्या आदल्या गुरुवारी सगळे गेल्यावर नळवाला मागे रेंगाळला.

"बाई, जमेल ना पोरीचं?"

"दुसऱ्या शाळाही आहेत की," पेटीबाई उगाच म्हणाल्या.

"आहेत. बस बदलून जावं लागतं. हिची आई पहाटे हॉस्पिटलात जाते, चादरी धुवायला. मी कुठे असेन सांगता येत नाही." तो पिशवीचा पट्टा पिळत होता. "आणि शाळेची भिंत तीच आमची भिंत आहे. पोरांचा चेंडू आमच्याकडे पडतो. तो परत टाकायचं काम पोरगीचं. मोठी झाले की मी त्या बाजूला जाणार, असं तिने धरूनच ठेवलंय. चेंडू टाकल्याचे गुण मिळत नाहीत, हे तिला कोण सांगणार?"

पेटीबाईंनी पेटीचं झाकण लावलं. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पोरीला प्रवेश मिळाला की हा जाणार. यादीत नाव नाही आलं, तर शाळेची पद्धतच अशी होती, की पुढच्या वर्षी मध्येच रिकाम्या झालेल्या जागांसाठी पुन्हा विचार व्हायचा. म्हणजे आणखी एक वर्ष हा दर गुरुवारी येणार. एका वर्षात गीत बसेल, दोनदा बसेल. आणि खोटं तरी कुठे बोलायचं होतं? त्याचे रविवार बुडाले होते, हे काय खोटं होतं?

बैठक फादरच्या खोलीत झाली. चहा, बिस्किटं, फादर, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि पेटीबाई. मुख्याध्यापिका एकेक नाव वाचत होत्या, फादर डोळे मिटून आठवत होते. शेवटच्या बाकावर पेंगणारे एक गृहस्थ "फार भाविक" ठरून पास झाले. मग गाणाऱ्यांची पाळी आली.

"दातांचे डॉक्टर?" फादरनी विचारलं.

"नियमित," पेटीबाई म्हणाल्या.

"गातात का?"

"मनात."

"चालेल. आणि तो नळवाला?"

पेटीबाईंनी कप उचलला, घोट घेतला आणि म्हणाल्या, "येतो. अधूनमधून."

फादरनी मान हलवली. मुख्याध्यापिकांनी काहीतरी लिहिलं. पुढे बँकवालीचा विषय निघाला, मग औषधवाल्याचा. पेटीबाई उत्तरं देत होत्या, पण हातातलं बिस्कीट चहात कधी बुडालं ते त्यांना कळलं नाही. भिंतीपलीकडून चेंडू टाकणारी एक पोरगी काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. आयुष्यभर ज्या बाईने लोकांचे आवाज जोडून दिले, तिने आज पहिल्यांदा तार तोडली होती, आणि तीही स्वतःच्या सुखासाठी. त्यांना स्वतःची शरम वाटली.

"फादर," त्या मध्येच म्हणाल्या, "नळवाला नियमित येतो."

"मघाशी अधूनमधून म्हणालात ना?"

"मघाशी माझा स्वार्थ बोलला."

"कसला स्वार्थ?"

"खर्जाचा."

फादर आयुष्यभर एकाच सुरात सगळं म्हणत आले होते. त्यांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"त्याचे रविवार कामापायी बुडाले," पेटीबाई म्हणाल्या. "लोकांच्या घरात पाणी शिरत असताना त्याने इथे गात बसायचं का? बाकीचे सगळे आले, पण बरेचसे घड्याळाकडे बघत बसले. तो येऊन गायला. मी शब्द देते."

"बरं बरं," फादर म्हणाले, "एवढ्या चिडू नका. चहा घ्या."

यादी लागली. पुढच्या गुरुवारी पेटीबाई तालमीला आल्या तेव्हा अपेक्षेप्रमाणे दोन्ही जावा होत्या आणि बाकी बाकं मोकळी होती. दातांच्या डॉक्टरने पुस्तकसुद्धा परत ठेवलं नव्हतं. पेटीबाईंनी नेहमीचं सोपं गीत काढलं. तेवढ्यात दार करकरलं.

नळवाला आत आला. त्याने पिशवी खाली ठेवली नाही.

"पोरीला मिळाली शाळा," तो म्हणाला.

"कळलं मला. छान झालं हो."

"तेच सांगायला आलो. आणि हेही, की उद्यापासून मी यायचा नाही. रविवारी कामं जास्त असतात, आणि गुरुवारी पोरीजवळ शेजारीण थांबते, तिला तरी किती दिवस सांगायचं. न सांगता जाणं काही बरं वाटेना."

इतक्या वर्षांत सांगून कुणी गेलं नव्हतं. पेटीबाईंनी सोपं गीत मिटून चार पदरांच्या गीताचं पान काढलं. मग त्या म्हणाल्या, "आलाच आहात, तर एवढं कडवं म्हणून जा."

"माणसं कुठायत?"

पेटीबाईंनी बघितलं. थोरली एक, धाकटी दोन, मधला पदर त्या स्वतः म्हणू शकत होत्या, आणि हा चौथा. इतकी वर्षं त्या गर्दी गोळा करत बसल्या होत्या.

"आहेत पुरेशी," त्या म्हणाल्या.

नळवाल्याने पिशवी उतरवली. पहिल्या ओळीला थोरली वर गेली आणि धाकटी चुकली. धाकटी ताबडतोब म्हणाली, "जाऊबाई, जरा हळू घ्या." थोरलीने हळू घेतलं. दोघींच्याही लक्षात आलं नाही. दुसऱ्या ओळीला पेटीबाईंचा आवाज कापला, पण तुटला नाही. आणि त्याच्याखाली खर्ज आला, शब्द चुकवत, ताल सोडून, पण जिथे असायला हवा तिथेच. रिकाम्या चर्चमध्ये तो भिंतींपर्यंत जाऊन परत येत होता. कडवं संपलं, पुढचं कुणालाच येत नव्हतं, म्हणून सगळे तिथेच थांबले.

"बरोबर आलं का?" नळवाल्याने विचारलं.

"आलं," पेटीबाई म्हणाल्या.

त्याने पिशवी खांद्याला लावली, दोन्ही जावांना मान लववून नमस्कार केला आणि तो गेला. दार लागलं. पेटीबाई मान खाली घालून तशाच बसून होत्या. हात मांडीवर होते, पट्ट्या मोकळ्या होत्या, आणि पाय मात्र भाता मारतच होते. आवाज न करता पेटी नुसता श्वास घेत होती.

"बाई," थोरली हळूच म्हणाली, "संपलं गाणं."

"हो गं," पेटीबाई म्हणाल्या, पण पाय काही त्यांनी लगेच थांबवले नाहीत.