निंबाच्या ढोलीतला पिंगळा

बुलढाण्याच्या तुळशीनगरात देवळामागं एक म्हातारा निंब होता आणि निंबाच्या ढोलीत एक पिंगळा, म्हणजे घुबडाचा मूठभर धाकटा भाऊ. सप्ताहातल्या कीर्तनाचा मांडव त्या जागेत मावेना, म्हणून कॉलनीचे अध्यक्ष भगवंतराव निंब तोडायला निघाले. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी अर्पिता त्यांच्या मागंच लागली.

"काका, त्या झाडात जीव राह्यतात हो."

"मले काय हौस आहे का? पण कीर्तन काय रस्त्यावर करू? तू असं कर, कॉलनीतले पोट्टे आण. ते म्हणतीन राहू द्या, तर राहू देतो. पण त्यायले निंब कोणता अन् लाईटचा खांब कोणता, हे तरी माहीत आहे का?"

बोलणं खोटं नव्हतं. मागं अर्पितानं पाखरांची ओळख करून द्यायला सगळ्यांना बोलावलं, तेव्हा सतरंजीवर देवळातलं मांजर तेवढं येऊन बसलं होतं. तरी तिनं देवळाच्या फळ्यावर लिहिलं, 'आपल्या निंबावर पिंगळा आहे. रविवारी दिवेलागणीला भेटायला या.'

रविवारी सगळी तरणी पोरं लोटली. अंघोळी करून, कपाळाला बुक्का लावून, आयांनी दिलेली ज्वारीची सुपं सांभाळत. अर्पिताला भरून आलं. तेवढ्यात तलाठी व्हायचा अभ्यास करणाऱ्या शिवमनं तळहात पुढं केला.

"ताई, पिंगळा हात पाह्यते, का नुसतं तोंड पाहून सांगते?"

आत्ता कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. पहाटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरतो, तोही पिंगळाच. ही सारी गर्दी त्याच्यासाठी होती.

"अरे, हा पक्षी आहे."

"पक्षी होऊन आले का यंदा?" शिवमशेजारच्या काजलनं भक्तिभावानं हात जोडले.

तेवढ्यात ढोलीतून पिंगळा बाहेर आला. वाटोळे पिवळे डोळे रोखून त्यानं शिवमकडं पाह्यलं.

"महाराज, तलाठीची परीक्षा निघन का?"

पिंगळ्यानं मान खाली-वर, खाली-वर केली. पोरांनी सुस्कारा सोडला. काजलनं विचारलं, "पुण्यात द्यायचं म्हणतात मले. जाऊ का?" पिंगळ्यानं मुंडी फिरवून थेट पाठीकडं नेली. "नको म्हणते," काजल समाधानानं म्हणाली.

अर्पिता कळवळून सांगत होती, "तो मान हलवून अंतर मोजतो रे. शिकार किती लांब आहे ते." कोण ऐकतं? तेवढ्यात पिंगळा दगडासारखा खाली आला, देवळाच्या भिंतीशी ठेवलेल्या प्रसादाच्या गव्हाच्या पोत्यामागचा उंदीर उचलला आणि पुन्हा फांदीवर. रंगल्या कीर्तनात टाळ थांबावेत, तसं सगळं गप्प झालं.

"हे रोज खाते का उंदीर?" शिवमनं हळूच विचारलं.

"उंदीर, किडे, पाली. तुझ्या डोक्यावर बसून सगळ्या कॉलनीची राखण करतो. ढोली गेली की तोही गेला."

करवतवाल्याला घेऊन भगवंतराव आले ते याच वेळी. गर्दी पाहून चमकले, सगळं ऐकून घेतलं, टोपी नीट केली आणि स्वतःच विचारलं, "महाराज, मांडवासाठी झाड तोडू का?"

पिंगळ्यानं मान खाली-वर केली. चांगली जोरात.

करवतवाला पुढं सरकला.

"थांबा, काका," शिवम म्हणाला. "ते 'हो' नाही म्हणत. अंतर मोजून राह्यलं. ताईनं सांगितलं."

"असं? मंग तुह्या तलाठीचं हो म्हटलं, ते काय होतं बे?"

शिवमनं निंबाकडं पाह्यलं. बाकीच्या पोरांनी त्याच्याकडं.

"तेबी अंतरच असन," तो म्हणाला. "माहं परीक्षेपासूनचं. अभ्यास करतो मी. झाड राहू द्या."

"राहू द्या, काका," काजल म्हणाली. मग सगळेच म्हणाले.

भगवंतरावांनी पिंगळ्याकडं पाह्यलं. तो अजून डोलतच होता. भगवंतराव जन्मभर कीर्तनात पुढं बसलेले, त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं हसू आलं.

"एवढं डोलणारा श्रोता मांडवाबाहेर काढला, तर बुवा मले काय म्हणतीन?"

त्या सप्ताहात मांडवाच्या कापडाला मधोमध भोक पाडलं होतं आणि त्यातून निंब वर गेला होता. बुवांनी विचारलं, हे काऊन? काजल म्हणाली, "वर एक जण बसते. लाईट तिकडं मारू नका."