मागची दोरी

हळूभाऊंनी तीस वर्षांत ट्रक कधी साठच्या वर नेला नाही, म्हणून हे नाव. कारखान्याने माल रस्त्याऐवजी रेल्वेने पाठवायचं ठरवलं, तेव्हा ट्रक विकून ते मालधक्क्यावर कंटेनर भरायला लागले. गळ जावयाने घातली होती. तो रेल्वेच्या पलीकडच्या टोकाच्या स्टेशनवर माल उतरवायचा.

"मामा, भरणार तुम्ही, उघडणार मी. घरचंच काम!"

आज पहिली गाडी. कागदाचे रोल, एकेक असा की म्हैस परवडली. गाडी जोडताना इंजिनाने डबे मागे रेटून झटक्याने थांबवले, आणि शेवटच्या कंटेनरच्या आत धप्पकन आवाज झाला.

ट्रकवाल्याला भीती ब्रेकची. माल पुढे येतो, म्हणून लाकडी गुटके पुढच्या बाजूला ठोकायचे; मागे दाराशी एक दोरी बांधली की झालं. हाताला तीच सवय. आणि इथे तर धक्के दोन्हीकडून! दोरी तुटली असणार, रोल दाराला टेकला असणार. दार उघडणारा बरोबर समोर उभा राहतो.

त्यांनी जावयाला फोन लावला. बंद. कामावर फोन जमा करून घेतात, हे त्यांना ठाऊक होतं, तरी पुन्हा लावला.

"सील तोडा," ते मुकादमाला म्हणाले. "माझी चूक झालीय."

"डोकं ठिकाणावर आहे का? वेळ चुकली तर कारखाना परत ट्रक बोलावेल. चाळीस जणांच्या पोटावर पाय येईल, भाऊ."

गार्डने हिरवी झेंडी उचलली. जन्मात कधी घाई न केलेला माणूस धावत सुटला आणि इंजिनापुढे रुळांत जाऊन उभा राहिला. तिथून हलला नाही.

मुकादमाने शिव्या घालत सील तोडलं. दाराला दोर बांधून सगळे बाजूला झाले आणि लांबून ओढलं.

रोल धाडकन खाली आला आणि खडीत वीतभर रुतला. माणूस उभा राहतो, नेमका तिथेच. हळूभाऊंना लेकीचा चेहरा दिसला.

मुकादमाने हळूच विचारलं, "बाकीचे अकरा कंटेनर कुणी भरलेत?"

"मीच," हळूभाऊ म्हणाले, आणि हातोडा उचलून पुढच्या कंटेनरकडे निघाले.