आल्याच्या चहातली रबरं

माझी मुलगी लोकांचे वेडेवाकडे दात सरळ करते आणि मी तिच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलामागे बसून त्या लोकांना एकेक करून आत सोडते. घरी तिला आम्ही टिल्ली म्हणायचो. दवाखान्यात मात्र ‘डॉक्टर’ म्हणायचं, असा मला सक्त हुकूम आहे. एकदा चारचौघांत “टिल्ली, फोन!” असं ओरडले, तर बाईसाहेब दिवसभर फुरंगटून होत्या.

दातांच्या दवाखान्याला माझ्याइतकी वाईट जाहिरात शोधून सापडली नसती. माझे वरचे दोन दात जन्मभर सगळ्यांच्या पुढे. बायकोच्या आधी तिचे दात घरात शिरतात, असं आमचे हे म्हणायचे. नवा पेशंट आला की आधी माझ्या दातांकडे बघायचा, मग भिंतीवरच्या सरळ दातांच्या फोटोकडे, आणि मग दाराकडे. पण टिल्लीला काळजी दिसण्याची नव्हती. माझे खालचे दात वरच्या हिरडीत रुतायला लागले होते. जेवताना कधी कधी रक्तही यायचं.

“तारा लावायच्या,” ती म्हणाली.

“या वयात? लोक हसतील मला.”

“हसू देत. मला त्यांचेही दात बघता येतील.”

लागल्या तारा. पहिले काही दिवस तोंडात कुणीतरी कुंपण घातल्यासारखं वाटत होतं आणि मी दातओठ खाऊन, म्हणजे जमेल तितके खाऊन, लेकीला शिव्या देत होते. मग मला शनिवारची चटक लागली.

त्याचं असं आहे. हे गेल्यापासून घरी मी एकटी. टिल्लीला तिचं घर, नवरा, दोन मुलं. आम्ही दोघी दिवसभर एका छपराखाली असतो खऱ्या, पण बोलणं काय, तर “पुढचे पाठव”, “एक्स-रे कुठेय” आणि “आई, त्यांना जरा बसायला सांग”. मी काही सांगायला तोंड उघडलं की तिला नेमकं काहीतरी काम आठवतं. शनिवारी मात्र शेवटचा पेशंट गेला की ती मला खुर्चीत आडवी करायची, दिवा जवळ ओढायची, एका हाताने माझी हनुवटी धरायची आणि स्वतःच म्हणायची, “आई, तोंड उघड.” तिचा चेहरा इतका जवळ असायचा की भुवईशेजारचा तिचा तीळ मला दिसायचा. माझ्या तोंडात आरसा, चिमटा आणि लाळ ओढणारी नळी, त्यामुळे बोलायची ती. सासूचं गुडघ्याचं दुखणं, धाकट्याचं गणित, नवऱ्याचं घोरणं, सगळं मला तिथे कळलं. आठवडाभर मी त्या खुर्चीची वाट बघायचे.

मग एका शनिवारी रबरं आली. वरच्या दाताच्या हुकातून खालच्या दाढेच्या हुकाला लावायची, मुगाच्या दाण्याएवढी बारीक रबरं. जेवताना काढायची, एरवी रात्रंदिवस घालायची आणि रोज नवी घ्यायची.

“प्रामाणिकपणे घातलीस तर दात पटापट आत येतील आणि तारा निघतील,” टिल्ली म्हणाली.

हे ऐकून बाकीचे पेशंट खूश होतात. मी मात्र वेगळाच हिशेब केला. तारा निघाल्या म्हणजे शनिवार गेला. मी रबरांची पुडी पर्समध्ये टाकली आणि सरळ विसरून गेले.

पण टिल्लीला शेंडी लावणं सोपं नाही. बाहेरच्या टेबलावरून मी रोजची गंमत बघते. आत जायच्या जरा आधी लोक घाईघाईने रबरं लावतात, साळसूद चेहऱ्याने आत जातात आणि बोलणी खाऊन बाहेर येतात. कारण ताजं रबर पांढरंशुभ्र आणि ताठ असतं. दिवसभर घातलेलं पिवळट आणि ढिलं पडतं. मी शनिवारी सकाळी माझी रबरं पेन्सिलीवर ताणून बसवली आणि पेन्सिल चहाच्या कपात उभी केली. माझा चहा म्हणजे आलं भरपूर, साखर नावाला. दुपारपर्यंत रबरं अशी मरगळली की बघणाऱ्याला त्यांची दया यावी.

“वा! घालतेस की रबरं,” टिल्ली आरसा फिरवत म्हणाली. “पण दात कसे हलत नाहीत?”

“हाडं जुनी आहेत,” मी नळीच्या आजूबाजूने म्हटलं.

“हं. अवघड केस आहे तुझी. पुढच्या शनिवारी परत बघू.”

शेजारपाजारच्या बायकांना मी छाती फुगवून सांगत सुटले की माझी केस अवघड आहे.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण मध्ये वकील कडमडला. चाळिशीचा माणूस, समोरचे दात एकमेकांवर चढलेले. दिवसभर कोर्टात बोलायचं आणि रबरं घातली की तोंड पुरतं उघडायचं नाही, म्हणून तोही घालायचा नाही. त्याने टेबलावरून वाकून माझा कप पाहिला.

“काकू, हे काय?”

“चहा.”

“आणि त्यात पेन्सिल?”

“ढवळायला.”

“काकू, माझ्या उलटतपासणीत भलेभले रडतात.”

मी रडले नाही, पण सांगितलं. कुणाला सांगणार नाही, अशी त्याच्याकडून शपथ घेतली. वकिलाकडून! माझी अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय. त्याने बाहेर बसलेल्या शिंपीणबाईंना सांगितलं, त्यांनी पोहायला शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंना. पुढच्या महिन्यात या तिघांची पाळी एकाच शनिवारी आली आणि तिघंही वेळेआधी येऊन माझ्या टेबलाभोवती घोटाळू लागली. थोड्याच वेळात माझ्या कपात माझी सोडून सगळ्यांची रबरं पोहत होती. मला त्या दिवशी चहाच मिळाला नाही.

शिंपीणबाई आत गेल्या आणि खाली मान घालून बाहेर आल्या. मास्तरीणबाई गेल्या, त्याही तशाच. मग वकील गेला. दोन मिनिटांत दार उघडलं. दारात टिल्ली उभी. मास्क हनुवटीवर ओढलेला, हातात चिमटा, चिमट्यात एक तपकिरी रबर. तिच्या मागून वकील हळूच बाहेर सरकला.

“तीन तोंडं,” ती म्हणाली, “आणि तिन्ही तोंडांना एकाच चहाचा वास. आलं भरपूर, साखर नावाला. हा चहा पिऊन मी लहानाची मोठी झालेय.”

सगळ्या माना माझ्या टेबलाकडे वळल्या. ज्याच्या जिभेला कोर्ट घाबरतं, तो वकील छताचा पंखा निरखू लागला.

“आई, आत ये.”

मी जाऊन खुर्चीत बसले. तिने दिवासुद्धा लावला नाही.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“ठीक आहे. रबरं घालायचीच नसतील तर तोंडात उगाच लोखंड कशाला? आजच तारा काढून टाकते.” आणि तिने खरंच पक्कड उचलली.

माझी पाचावर धारण बसली. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“काढू नकोस.”

“का? सुटशील की.”

“सुटायचंय कुणाला?” मी ओरडले. “तारा निघाल्या की तू कशाला बोलावशील मला या खुर्चीत? शनिवारी तू माझ्याकडे बघतेस, टिल्ली. बाकीचे दिवस मी तुझ्या बाहेरच्या टेबलावरची बाई असते.”

बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. आता ही रडणार किंवा चिडणार, असं वाटलं. तिने पक्कड खाली ठेवली आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली.

“सगळ्यांच्या अपॉइंटमेंटा तूच देतेस ना?”

“तोंडपाठ आहेत मला.”

“शिंपीणबाईंना कधी बोलावते मी?”

“महिन्याने.”

“मास्तरीणबाईंना? वकिलांना?”

“महिन्याने.”

“आणि तुला?”

“दर शनि…” म्हणता म्हणता मी बोटांवर आठवडे मोजायला लागले. जगाच्या तारखा तोंडपाठ असणाऱ्या बाईला स्वतःची तारीख कधी दिसली नव्हती.

“आठवड्यात दात काय कपाळ हलणार, आई?” टिल्ली म्हणाली. “दर शनिवारी मी तुझी तार काढते, पुसते आणि तीच परत बसवते.”

“पण माझी केस अवघड…”

“तुझी केस पुस्तकाच्या पहिल्या पानावरची आहे.”

“आणि रबरं?”

“पहिल्याच शनिवारी वास आला. मी ओरडले असते तर तू ती घातली असतीस. मग तारा काढाव्या लागल्या असत्या. मघाची पक्कड नुसती तुझ्याकडून खरं वदवून घ्यायला होती.” ती स्वतःच्या हातमोज्यांकडे बघत होती. “मलाही घरी कोण बोलू देतं? मी तोंड उघडलं की सगळ्यांना काम आठवतं.”

आम्ही दोघी हसलो. मग तिने माझी हनुवटी धरून वरच्या दातांमागे आरसा सरकवला आणि तिचं हसू मावळलं.

“हिरडी परत सोललीय. हे मला बघवत नाही, आई. चूक माझीही आहे. आजपासून खरी रबरं, चहाशिवाय.”

“आणि मग तारा निघाल्या की?”

“मग रिटेनर. दात परत पुढे पळू नयेत म्हणून रोज झोपताना घालायचं. जन्मभर.”

“त्याची तपासणी असते?”

“दर शनिवारी.”

मी मुकाट्याने हात पुढे केला आणि तिने दिलेली पांढरीशुभ्र रबरं स्वतःच्या हाताने हुकांत अडकवली. दार उघडं राहिलं होतं. त्यातून वकिलाचं डोकं आत आलं.

“डॉक्टर, ते रिटेनर आम्हालाही दर शनिवारी दाखवायचं का?”

“तुम्ही सहा महिन्यांनी या,” टिल्ली म्हणाली आणि दिवा माझ्याजवळ ओढला.